समोरच्याच्या डोळ्यांत न शिरणारा उजेड : कराडमधील एका हेडलाइट दुरुस्ती सेवेचे परीक्षण

गेल्या नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी कराडमधील एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे माझ्या गाडीच्या हेडलाइटचे पूर्ण काम करून घेतले. स्वतंत्र रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वायरिंग, साधे हॅलोजन बल्ब, पिवळ्या पडलेल्या काचांचे पॉलिश आणि शेवटी फोकसचे सेटिंग अशी चार कामे त्यात होती. त्यांचा खर्च अनुक्रमे १,१००, ५५०, ८०० आणि २०० असा एकूण २,६५० रुपये आला. काम होताच परीक्षण लिहावे असे वाटले होते, परंतु मी मुद्दाम चार महिने थांबलो. ऊसतोडणीचा हंगाम, पाटण खोऱ्यातले पहाटेचे धुके, कुंभार्ली घाटातली वळणे आणि रात्री अकरानंतरचा रिकामा रस्ता या सगळ्यांतून गाडी गेल्याशिवाय हेडलाइटविषयी काही म्हणणे घाईचे ठरले असते.

गाडीच्या बहुतेक भागांचे परीक्षण चालकाच्या जागेवर बसून करता येते. सीट आरामदायी आहे का, ब्रेक वेळेवर लागतो का, हे गाडीतल्याच माणसाला कळते. हेडलाइटचे मात्र तसे नाही. त्याचा उजेड आपल्याला कितपत पुरतो हे आपल्या जागेवरून समजते, पण तो दुसऱ्याला किती छळतो हे समोरून येणाऱ्याच्या जागेवर बसल्याखेरीज समजत नाही. विकत घ्यायच्या बल्बांविषयी लोकांनी लिहिलेले जे काही मी वाचले होते, ते जवळजवळ सगळे पहिल्याच जागेवरून लिहिलेले होते. त्यामुळे मी दोन्ही जागांवर बसून पाहिले आणि दुसऱ्या जागेवर माझ्या वडिलांनाही बसवले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. माझी नोकरी चिपळूणला आणि घर कराडला आहे. दर शनिवारी रात्री घाट चढून घरी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे, असे गेली कित्येक वर्षे चालले आहे. गाडी २०१३ सालची छोटी हॅचबॅक आहे. तिचा उजेड वर्षागणिक मंदावत गेला होता, म्हणून मागच्या पावसाळ्याआधी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून एलईडी बल्बांची जोडी मागवली. खोक्यावर २०,००० ल्युमेन (प्रकाश मोजायचे एकक) असा आकडा ठळक छापलेला होता. बल्ब जुन्या होल्डरमध्ये सहज बसले, समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली आणि मी समाधानी झालो. घाटात मात्र समोरून येणारी वाहने मला वारंवार अपर-डिपर करू लागली. मी डिपरवरच असल्यामुळे ती माणसे विनाकारण चिडत आहेत, असे मी चार महिने समजत राहिलो.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी पाटणच्या अलीकडे एक मोटारसायकल समोरून आली. तिच्यावर एक जोडपे होते आणि पुढे टाकीवर लहान मूल बसलेले होते. माझा उजेड अंगावर पडताच चालवणाऱ्याने एक हात डोळ्यांवर धरला, गाडी कच्च्या साइडपट्टीवर उतरली, मागचे चाक खडीवर घसरले आणि त्याने दोन्ही पाय टेकून ती कशीबशी उभी केली. कोणाला लागले नाही. मी थांबून खाली उतरलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "साहेब, लाइट खाली करा की." मी खालीच असल्याचे सांगितले. त्यावर तो माझ्या गाडीच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मग ही खालची हाय व्हय? तुम्हीच या इकडं आणि बघा." मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मला माझीच गाडी दिसेना. त्या मुलाने आईच्या पदरात तोंड लपवलेले होते. हे परीक्षण मी त्या मुलासाठी लिहीत आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्याच आठवड्यात एका रात्री मी आणि माझा आतेभाऊ वस्तीबाहेरच्या एका सरळ, निर्मनुष्य रस्त्यावर गेलो. डांबराच्या डाव्या कडेला मळकट गोणपाट गुंडाळलेला पाण्याचा कॅन ठेवला आणि गाडी दुरून हळूहळू पुढे आणत तो नेमका किती अंतरावरून ओळखू येतो ते टेपने मोजले. एलईडी बल्बांवर, डिपरमध्ये, तो ३० मीटरवर ओळखू आला. बॉनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर इतके लख्ख होते की पुढचा अंधार अधिकच दाट भासत होता, म्हणजे उजेड भरपूर असूनही दृष्टी पोचत नव्हती. मग आतेभावाच्या गाडीत वडिलांना बसवून ती समोरून आणली आणि माझ्या गाडीच्या शेजारी रस्त्याकडेला मी स्वतः गडद शर्ट घालून उभा राहिलो. दोन्ही गाड्यांमध्ये शंभर मीटर अंतर असल्यापासून त्या एकमेकींना ओलांडेपर्यंत वडिलांना मी एकदाही दिसलो नाही. ते म्हणाले, "अरे, तू सोड, मला रस्ता कुठे संपतो तेच कळेना. मी एकटा असतो तर थांबलो असतो." त्यांच्या डोळ्यांना पुन्हा नीट दिसायला जी चार-पाच सेकंदे लागली, तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन ६५ ते ८० मीटर पुढे गेलेले असते.

असे का होते, हे इलेक्ट्रिशियनने मला बल्ब हातात धरून दाखवले. त्याचे दुकान बाजारपेठेपासून जरा बाजूला, महामार्गाच्या सेवा रस्त्यालगत आहे. पाटी साधी आहे, जागा दोन गाड्यांपुरती आहे आणि समोर ट्रॅक्टर व टेम्पो उभे असतात. मिस्त्री पन्नाशीचे आहेत, बोलणे मोजके आहे आणि हातात मल्टिमीटर घेतल्याशिवाय ते कोणत्याही वायरला हात लावत नाहीत. मी खोक्यावरचा २०,००० ल्युमेनचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी माझे बल्ब काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "साहेब, ह्यो बल्ब ह्या डूममधी बसतोय, पण उजेड जिथं पडायचा तिथं पाडत न्हाई." डूम म्हणजे हेडलाइटचा आरसा आणि काच असलेला भाग.

माझ्या गाडीला एच-४ जातीचा बल्ब लागतो. त्यात दोन तारा असतात, एक अपरची ६० वॅटची आणि दुसरी डिपरची ५५ वॅटची. डिपरच्या तारेखाली झाकणासारखी धातूची छोटी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे बल्बामागच्या आरशाचा फक्त वरचा भाग उजळतो आणि तिथून परतलेला प्रकाश खाली रस्त्यावर पडतो. वाटीची एक कड किंचित तिरकी ठेवलेली असते. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून डिपरच्या उजेडाची वरची रेघ उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे १५ अंशांनी वर चढते. डावीकडचा पादचारी, सायकलस्वार, मैलाचा दगड आणि पाटी दिसावी आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांना अंधार मिळावा, अशी ती रचना आहे. एवढ्याशा पत्र्याच्या वाटीत दुसऱ्या माणसाचा एवढा विचार केलेला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले आणि मनापासून आवडले.

हे सगळे आरसे त्या बारीक तारेची जागा अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबाने गृहीत धरून घडवलेले असतात. स्वस्त एलईडी बल्बात प्रकाशाचा उगम तारेच्या नेमक्या जागी नसतो. तो चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना असतो आणि मध्ये पट्टीची जाडी येते. मग वरची रेघ विरघळते आणि प्रकाश वर, बाजूला, झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत उधळला जातो. गाडी कारखान्यातूनच एलईडी दिवे लावून आली असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे आरसा किंवा भिंग त्या एलईडीसाठीच बनवलेले असते. माझी तक्रार एलईडीविषयी नाही, हॅलोजनच्या डूममध्ये कोंबलेल्या एलईडीविषयी आहे. आणि त्या आकड्याविषयी म्हणायचे तर प्रमाणित एच-४ बल्बाचा प्रकाश डिपरला १,००० आणि अपरला १,६५० ल्युमेनच्या आसपास असतो. योग्य जागी पडला तर एवढा पुरतो.

मग माझ्या जुन्या बल्बांचा उजेड का मंदावला होता? मिस्त्रींनी डिकीत पडलेले जुने हॅलोजन बल्ब परत लावले, इंजिन सुरू केले आणि मीटर लावला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते, बल्बाच्या होल्डरवर मात्र १२.३. जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून फिरून येतो. स्विचचे संपर्क झिजतात, कपलर गंजतात आणि व्होल्टेज वाटेतच गळते. हॅलोजन बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही, त्यापेक्षा खूप वेगाने कमी होतो. दहा टक्के व्होल्टेज घटले तर प्रकाश साधारण तीस टक्के घटतो. माझ्या बाबतीत तेरा टक्के घट होती, म्हणजे उजेड तीन-पंचमांशावर आला होता. त्यातच पिवळ्या काचांनी उरलेल्यातला आणखी वाटा खाल्ला होता. मी चार महिने ज्या दुखण्यावर झगमगीत औषध लावत होतो, ते दुखणे वायरीत होते.

मी १०० आणि ९० वॅटच्या हॅलोजन बल्बांची चौकशी केली. मिस्त्रींनी ते ठेवत असल्याचे सांगितले, पण माझ्या गाडीत लावायला नकार दिला. त्यांनी एक वितळलेला होल्डर दाखवला आणि काळवंडलेला आरसाही दाखवला. त्यांच्या मते मूळ वायरिंगवर असे बल्ब लावणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. त्याऐवजी त्यांनी बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर आणली, अपर आणि डिपरसाठी दोन वेगळे रिले बसवले आणि अर्थिंग नवीन घेतले. आता जुना स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, करंट थेट बॅटरीतून येतो. काम संपल्यावर होल्डरवर १३.८ व्होल्ट भरले. हा आकडा त्यांनी मला बोलावून दाखवला. ग्राहकाला आधीचे आणि नंतरचे माप दाखवणारे दुकान मला बऱ्याच वर्षांनी भेटले.

पॉलिशविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हेडलाइटची काच खरी काच नसून पॉलिकार्बोनेट असते. तिच्यावरचे संरक्षक आवरण उन्हाने गेले की ती पिवळी आणि खरबरीत होते. त्यांनी ८०० पासून ३,००० नंबरपर्यंत पाणी-पेपर चढत्या क्रमाने मारले आणि शेवटी कंपाउंडने चमक आणली. काम दीड तास चालले. याबद्दलची माझी तक्रार पुढे येईल.

खरे कौशल्य सेटिंगमध्ये दिसले. त्यासाठी त्यांनी मला संध्याकाळपर्यंत थांबवून घेतले, कारण दिवसा भिंतीवरची रेघ दिसत नाही. आधी चारही टायरांची हवा सारखी केली, डिकीतले सामान काढले आणि मला चालकाच्या जागेवर बसवले. डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांची एक छोटी फिरकी असते, ती शून्यावर आणली. गाडी भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर, सपाट फरशीवर उभी केली. माझ्या हेडलाइटचा मध्य जमिनीपासून ६८ सेंटिमीटरवर आहे, तर भिंतीवरची रेघ ६३ वर आणली. पाच मीटरला पाच सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का उतार. दोन्ही दिवे वेगवेगळे झाकून दोनदा तपासले आणि डावीकडे चढणारी रेघ कुठून वळते तेही जुळवले.

त्यानंतर त्यांनी जे केले ते मी कोणत्याही अधिकृत सेवा केंद्रात पाहिलेले नाही. दुकानातल्या दोन मुलांना मागच्या सीटवर बसवले आणि डिकीत दोन जुन्या बॅटऱ्या ठेवल्या. भिंतीवरची रेघ सरळ चार बोटे वर सरकली. मग त्यांनी मला फिरकी ३ वर न्यायला सांगितली आणि रेघ पुन्हा खाली आली. बारा वर्षांत त्या फिरकीचा उपयोग मला कोणी सांगितला नव्हता. गणपतीला किंवा मे महिन्यात कुटुंब आणि सामान भरून कोकणात उतरणाऱ्या शेकडो गाड्या मागून दबलेल्या आणि पुढून उचललेल्या असतात. त्यांचा डिपरही समोरच्याला अपरसारखा लागतो आणि चालकांना त्याची कल्पनाही नसते. आपल्या गाडीत ही फिरकी असेल तर मागे माणसे बसताच ती फिरवावी, ही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. यासाठी दुकानात जाण्याचीही गरज नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही त्याच रस्त्यावर, त्याच गोणपाटासह पुन्हा गेलो. डिपरमध्ये कॅन ५२ मीटरवर ओळखू आला. बॉनेटपुढचा भाग आधीपेक्षा मंद आणि पिवळसर दिसत होता, म्हणून पहिल्या क्षणी उजेड कमी झाल्यासारखा वाटला. टेपने मात्र उलट सांगितले. वडिलांना पुन्हा समोरच्या गाडीत बसवले. या वेळी मी त्यांना गाड्या एकमेकींपासून चाळीस-पन्नास मीटरवर असतानाच दिसलो. "गाडी येतेय एवढं कळतंय, तिच्या बाजूला तू उभा आहेस तेही कळतंय," असे ते म्हणाले. माझ्या दृष्टीने २,६५० रुपयांची किंमत या एका वाक्यात वसूल झाली.

आणखी एक चाचणी मी कायद्याच्या शब्दांवरून केली. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार वाहनाच्या पुढच्या दिव्याचा झोत कायम इतका खाली वळवलेला, किंवा चालकाला इतका खाली वळवता येणारा, असला पाहिजे की दिव्यापासून ८ मीटरवर, वाहनाच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. ही मापे घरच्या अंगणातही घेता येतात. मी आठ मीटरवर खडूने खूण केली, डोळे दीड मीटरवर येतील इतका वाकलो आणि डिपरकडे पाहिले. दिवा दिसत होता, पण डोळे मिटावेसे वाटले नाहीत. एलईडी बल्बांवर याच जागी मला दोन सेकंदही पाहता आले नव्हते. नियम ज्यांनी लिहिला त्यांनी समोरच्या माणसाच्या डोळ्याची उंचीसुद्धा लिहून ठेवली आहे. पूर्वी मालमोटारींच्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग मारलेला असे. त्यामागचा विचार हाच होता, फक्त साधन भाबडे होते.

आता चार महिन्यांच्या रस्त्याविषयी. नोव्हेंबर ते मार्च कराडच्या आसपासचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांचे असतात. दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही आणि रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. अशी ट्रॉली चांगल्या डिपरमध्ये पन्नास मीटरवर दिसते. ताशी ६० च्या वेगाला सावध चालकाच्या प्रतिक्रियेची दीड सेकंदे धरली तर २५ मीटर त्यातच जातात आणि कोरड्या डांबरावर गाडी थांबायला जवळपास तेवढेच अंतर लागते. म्हणजे ५२ मीटरचा उजेड मला ताशी ६० पर्यंतच सुरक्षित ठेवतो. ८० ला हेच अंतर ७५ मीटरच्या आसपास जाते आणि माझा डिपर तिथवर पोचत नाही. म्हणून समोरून वाहन नसेल तेव्हा अपर, आणि डिपर करावा लागला की त्याबरोबर वेगही कमी, असा नियम मी स्वतःला लावून घेतला आहे. डिपर केला पण पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला, तर सौजन्य समोरच्याला मिळते आणि धोका पुढे अंधारात चालणाऱ्या ट्रॉलीवाल्याला.

घाटात उजेडाचा आणखी एक गुण कळला. रात्री कुंभार्ली घाटात समोरचे वाहन दिसण्याआधी त्याचा उजेड कड्यावर किंवा झाडांवर उमटतो. रेघ खाली असलेल्या गाडीत हा परका उजेड चटकन ओळखू येतो, कारण आपला स्वतःचा उजेड कड्यावर पसरलेला नसतो. तो दिसताच, म्हणजे वाहन वळणातून बाहेर येण्याची वाट न पाहता, डिपर करता येतो. डाव्या वळणावर हे अधिक लवकर करावे लागते. आपली गाडी डावीकडे वळण्याआधी तिचा झोत सरळ समोरच्या लेनवरून फिरतो आणि येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. उजव्या वळणावर तोच झोत बाहेरच्या कठड्याकडे जातो आणि थोडी सवड मिळते. एखाद्याने डिपर केलाच नाही तर उत्तरादाखल अपर मारण्याचा मोह मला पूर्वी होत असे. आता मी नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो आणि वेग कमी करतो, कारण दोघांनीही अपर ठेवला तर त्या वळणावर दोन आंधळे चालक एकमेकांसमोर येतात.

या चार महिन्यांत घाटात मला उद्देशून रागाने अपर-डिपर करणारे वाहन मोजून दोनदा भेटले. त्यातल्या एका वेळी चूक माझीच होती, कारण मी एका टेम्पोच्या मागे जाताना अपर चालू ठेवला होता. पुढच्याच्या तिन्ही आरशांतून तो उजेड त्याच्या डोळ्यांवर येतो, हे मी विसरलो होतो. धुक्यात मात्र या दुरुस्तीने फार काही साधले नाही. कोयनानगरच्या अलीकडे दाट धुके लागले की डिपरमध्येही पंधरा-वीस मीटरच दिसते आणि अपर लावला तर पांढरी भिंत उभी राहते. तिथे वेग कमी करण्यावाचून उपाय नाही आणि मिस्त्रींनी तसे आधीच सांगितले होते.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी अशी की पॉलिशनंतर काचेवर उन्हापासून वाचवणारे आवरण चढवले गेले नाही, केवळ मेण लावले गेले. मूळ आवरण पेपरने निघून गेलेले असल्यामुळे काच आता आधीपेक्षा लवकर पिवळी पडणार, आणि मार्चच्या उन्हात उजव्या काचेच्या वरच्या कडेला त्याची सुरुवात मला दिसू लागली आहे. ८०० रुपये घेऊन हे काम अर्धवट ठेवणे मला पटले नाही. दुसरी उणीव अशी की डाव्या रिलेचे तोंड त्यांनी वरच्या बाजूला ठेवले होते. पावसाचे किंवा गाडी धुताना उडालेले पाणी त्यात साचले असते. मी दाखवून दिल्यावर त्यांनी लगेच आणि काहीही न घेता ते उलटे करून दिले, पण ते आधीच नीट व्हायला हवे होते. बिल कागदाच्या चिठोऱ्यावर मिळाले, वायरिंगची हमी तोंडी आहे आणि भरलेले व्होल्टेज कुठेही लिहून दिलेले नाही.

एक गोष्ट मला उणिवेपेक्षा अधिक बोचली. ज्या दुकानात माझ्या डिपरची रेघ सेंटिमीटरने जुळवली गेली, त्याच दुकानाच्या दर्शनी भागात जीपच्या टपावर लावायच्या एलईडी पट्ट्या विक्रीला आहेत. मी विचारले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "न्हाई ठेवल्या तर गिऱ्हाईक पलीकडं जातंय." त्यांची अडचण मला समजते. तरीही माझे म्हणणे असे आहे की ज्याला उजेड कुठे पडायला हवा हे इतके नेमके कळते, त्याने किमान त्या पट्ट्या लावताना वेगळा स्विच देऊन रहदारीत त्या बंद ठेवण्याची अट ग्राहकाला घालावी. मी त्यांना तसे सांगितले आहे आणि त्यांनी ते ऐकून घेतले आहे.

ही सेवा कोणासाठी आहे, हेही सांगायला हवे. हॅलोजन दिव्यांच्या आठ-दहा वर्षे जुन्या गाड्या, छोटे टेम्पो आणि रात्री प्रवास करणाऱ्या दुचाकी यांच्यासाठी मी ती निःशंकपणे सुचवीन. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप चालू राहतो, त्यामुळे त्यांच्या फोकसचे सेटिंग बिघडले तर तो दिवसरात्र समोरच्याला खुपतो. दुचाकीचे सेटिंग हे मिस्त्री ५० रुपयांत, मागे माणूस बसवून करून देतात. वॉरंटीत असलेल्या गाडीची वायरिंग मात्र इथे किंवा कुठेही कापून घेऊ नये. कारखान्यातून एलईडी घेऊन आलेल्या गाड्यांचे सेटिंग ते करतात, पण त्यांच्याकडे झोताचा फोकस तपासणारे भिंगाचे बीम सेटर यंत्र नाही, सगळे भिंतीवर चालते. माझ्या गाडीला त्याने काही फरक पडला नाही.

जाणार असाल तर दुपारी चारच्या सुमारास जावे, म्हणजे सेटिंगच्या वेळेपर्यंत अंधार पडलेला असतो. डिकी रिकामी करून न्यावी आणि आपले जुने बल्ब फेकून न देता बरोबर न्यावेत. समोरची काच आतून ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. तिच्यावर जमलेला धुळीचा आणि तेलकटपणाचा थर समोरच्या दिव्याभोवती कडे पसरवतो आणि दोष हेडलाइटला दिला जातो. मिस्त्रींना आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज बिलावर लिहून द्यायला सांगावे, ते नाही म्हणत नाहीत. पॉलिश करून घेणार असाल तर संरक्षक आवरणाचा डबा त्यांच्याकडे आला आहे का, हे आधी फोनवर विचारावे. माझ्या गाडीसाठी तो मागवायचे त्यांनी कबूल केले आहे आणि पावसाळ्यापूर्वी मी उजवी काच पुन्हा घासून घ्यायला जाणार आहे.